तीन फळ्यांचे दार

दिवाळी जवळ आली की घराच्या दारांचे दैव उजळते. वर्षभर ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेले नसते त्या दाराला रंगाचा हात मिळतो, बिजागऱ्यांत तेलाचे दोन थेंब पडतात, उंबरठ्यावर हळदकुंकू चढते. मागच्या वर्षी याच दिवसांत मी एक दार बदलताना पाहिले. मात्र ते घराचे नव्हते, होडीचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत, ओहोटीच्या चिखलात, ती होडी म्हशीसारखी एका कुशीवर कलंडून स्वस्थ पडली होती.

होडीचे मालक आमचे जुने स्नेही. नोकरीतून मोकळी झालेली माणसे काशीयात्रेला जातात, आंब्याची कलमे लावतात. यांनी बावीस फुटांची, शिडाची, सागवानी होडी विकत घेतली, तीही जुनी. वहिनी तिला उघडउघड सवत म्हणतात, आणि सवतीकडे निघालेल्या नवऱ्याबरोबर जेवणाचा डबा मात्र न चुकता देतात. मी चार दिवस कोकणात गेलो होतो तो शांतपणे पडून राहण्यासाठी. ते राहिले बाजूला आणि मी मेस्त्रींच्या हाताखाली फळी धरण्याच्या कामावर रुजू झालो.

ज्यांनी अशी होडी आतून पाहिली नसेल त्यांना हे दार नीट सांगायला हवे. होडीच्या पोटात एक लहानशी खोली असते. तिच्यात निजायचे, चहा करायचा, नकाशे ठेवायचे. या खोलीत उतरायला मागच्या बाजूने एक भोक ठेवलेले असते. खलाशी त्याला हॅच म्हणतात. भोकाच्या वर सरकते झाकण, आणि उभ्या बाजूला दार. हे दार बिजागरीवर फिरत नाही. दोन्ही कडांना उभ्या खाचा असतात आणि त्यांत एकावर एक अशा आडव्या फळ्या वरून सोडायच्या. जुन्या वाण्याच्या दुकानाला रात्री फळ्या लावीत तशातलाच प्रकार, फक्त त्या उभ्या आणि या आडव्या. आमच्या स्नेह्यांच्या होडीला अशा तीन फळ्या होत्या, दोन फूट लांबीच्या, पाऊण इंच जाडीच्या. उंबरठा चांगला गुडघ्याएवढा उंच. घराचा उंबरठा ठेच लागण्यापुरता असतो; हा लाटेला अडविण्यासाठी असतो.

तिन्ही फळ्या लांबून बऱ्या दिसत होत्या. मेस्त्रींनी सर्वांत खालची बाहेर काढली, उलटी केली आणि पटाशीचे टोक तिच्या कडेला टेकवले. जोर न करताच ते पिकल्या केळ्यात जावे तसे आत गेले. "लाकूड पाणी पितं ते तोंडानं, भाऊ," मेस्त्री म्हणाले, "आणि त्याचं तोंड असतं टोकाला." झाड उभे असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढते त्या नळ्या कापलेल्या टोकांशी उघड्या राहतात. खाचेत साचलेले पाणी त्या टोकांतून शोषले जाते, उन्हाने वरचे रोगण तडकते, तडकेतून आणखी पाणी शिरते, आणि वरून शहाजोग दिसणारी फळी आतून काळी पडते. शिवाय वर्षानुवर्षे काढघाल करून खाचा झिजल्या होत्या. फळी बसवली तरी ती म्हाताऱ्याच्या कवळीसारखी हले.

आमच्या स्नेह्यांच्या मते प्लायवुडचा एक तुकडा कापून काम भागण्यासारखे होते. "अहो मेस्त्री, एवढ्याशा भोकाला सागवान कशाला?" मेस्त्रींनी लगेच उत्तर दिले नाही. बिडी विझवली आणि म्हणाले, "घराचं दार असतं ते चोरासाठी. हे कुणासाठी आहे?" आणि त्यांनी खाडीच्या तोंडाकडे हनुवटी उडवली. तिथे पट्टीवर लाटा फुटत होत्या.

त्या रात्री स्नेह्यांच्या कपाटातली सागरी प्रवासाची पुस्तके काढून बसलो. मनात एकच प्रश्न होता: या तीन फळ्यांवर खरोखरच कधी कोणाचे काही अवलंबून राहिले आहे काय?

शिडाच्या होडीच्या कथेत पहिले वंदन जॉशुआ स्लोकमला करावे लागते. हा मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान. पण आगबोटी आल्या, शिडांचा धंदा बसला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ किनाऱ्यावर बेकार झाला. १८९२ साली एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक होडी देऊ केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी तो पाहायला गेला, तो होडी पाण्यात नव्हतीच. एका कुरणात टेकू देऊन उभी केलेली, कापडाखाली झाकलेली ती एक पुराणी 'स्प्रे' होती. स्लोकमने जवळच्याच कुरणातला ओक पाडला, त्याचा नवा कणा बसवला, एकेक बरगडी, एकेक फळी बदलली. तेरा महिने खपला आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च झाला. इतके बदलल्यावर जुनी होडी कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली हे त्यालाही नेमके सांगता येईना. पण होडी तीच, यावर तो ठाम होता. तिच्यातून तो २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

या प्रवासात हॅचचे एक प्रकरण आहे आणि ते घरातल्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवावे. दक्षिण अमेरिकेच्या शेपटाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, काही होड्या स्प्रेचा पाठलाग करू लागल्या. हा एकटा. मग त्याने काय करावे? तो मागच्या दाराने आत उतरला, पोटातून पुढे सरकत वाटेत कपडे बदलले आणि पुढच्या झडपेतून दुसराच माणूस होऊन वर आला. झाले दोन खलाशी. जवळ होडीच्या नाकापुढे निघालेल्या काठीचा एक कापलेला तुकडा पडला होता. त्याला खलाशाचे कपडे चढवले, दोरी बांधली आणि दुरून ओढून हलवू लागला. झाले तीन! नाटकातल्या हरकाम्या नटाने एका अंकात तीन सोंगे आणावीत तसा प्रकार. रात्री झोपताना तो डेकवर खिळे पसरून ठेवी, टोके वर करून. एका रात्री अनवाणी पाहुणे आलेच, आणि आले त्याहून वेगाने किंचाळत परत गेले. आता त्या लोकांची बाजू स्लोकमच्या पुस्तकात फारशी नाही. मेंढपाळ गोऱ्यांनी त्या काळात त्यांचा जो संहार मांडला होता तो ध्यानात घेतला म्हणजे कोणाला कोणाची भीती अधिक वाटावी हा प्रश्नच आहे. असो.

पण हे झाले माणसांविरुद्धचे दार. समुद्राविरुद्धच्या दाराची कथा 'त्झू हांग'ची. सेहेचाळीस फुटांची ही होडी १९३८ साली हाँगकाँगला बांधली गेली, सागवानाची. मालक माइल्स स्मीटन आणि त्याची बायको बेरिल. माइल्स हा हिंदी लष्कराच्या घोडदळातला निवृत्त अधिकारी, आणि बेरिल त्याच्याहून कांकणभर सरस. १९३९ साली हे जोडपे हिंदुकुशातल्या तिरिच मीर शिखरावर चढाईला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तेनसिंग होता, पुढे एव्हरेस्टवर पोहोचला तोच. १९५६ च्या डिसेंबरात दोघे मेलबर्नहून केप हॉर्नच्या वाटेने निघाले. बरोबर जॉन गझवेल नावाचा तरुण होता आणि प्वे नावाची सयामी मांजर.

हा गझवेल सुतार होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. लहानपणी महायुद्धात तो आईबापांसह जर्मनांच्या छावणीत अडकला होता. पुढे कॅनडात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने 'ट्रेका' नावाची जेमतेम साडेवीस फुटांची होडी बांधली. ती न्यूझीलंडला ठेवून तो स्मीटनांच्या मदतीला आला होता.

१४ फेब्रुवारी १९५७. जमीन शेकडो मैल दूर. सुकाणूवर बेरिल, बाकीची दोघे आत. मागून एक लाट आली. नुसती मोठी नव्हे, भिंतीसारखी उभी. होडीची शेपूट उचलली गेली, नाक पाण्यात घुसले आणि सबंध होडी शेपटीवरून नाकावर कोलांटी खाऊन उलटली. परत सरळ झाली तेव्हा दोन्ही डोलकाठ्या नव्हत्या, सुकाणू नव्हते, बेरिल नव्हती. ती तीस-एक यार्डांवर पाण्यात दिसली आणि तिला ओढून वर घेतले. पण खरी गोष्ट याहून वाईट होती. हॅचचे दार, त्यावरचे झाकण, त्याभोवतालची लाकडी कोठी, सगळे डेकच्या पातळीशी साफ कापून गेले होते आणि तिथे सहा फूट रुंद व सहा फूट लांब असे भोक आ वासून होते. आत कमरेएवढे पाणी, त्यात पुस्तके, भांडी, गाद्या तरंगताहेत, आणि पुढची लाट येण्याच्या वाटेवर. डोलकाठीवाचून होडी तरंगते, सुकाणूवाचूनही तरंगते. त्या भोकातून आणखी एक लाट आत आली असती तर तरंगली नसती.

माइल्सला वाटले, संपले. गझवेल मात्र आपली हत्यारे शोधायला लागला! खोलीतली जी लाकडे हाताला लागली ती घेतली, त्यांवर शिडाचे कापड ताणले, खिळे मारले आणि भोक झाकले. खांदा दुखावलेली बेरिल बादलीने पाणी उपसत होती. भोक बुजले, पाणी उतरले, आणि मगच पुढचा विचार सुचला. उरल्यासुरल्या काठ्या जोडून गझवेलने डोलकाठी केली, सुकाणूच्या जागी वल्हे केले. पाच-एक आठवड्यांनी चिलीच्या कोरोनेल बंदरात त्झू हांग स्वतःच्या शिडावर येऊन लागली. मांजरीसकट.

स्मीटनने या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'एकदाच पुरे' अशा अर्थाचे. गंमत अशी की त्याला एकदा पुरले नव्हते. त्याच वर्षी २६ डिसेंबरला नवराबायको पुन्हा केप हॉर्नला निघाली असताना होडी पुन्हा उलटली, डोलकाठ्या पुन्हा गेल्या! शेवटी १९६८ च्या डिसेंबरात त्यांनी त्याच होडीतून केप हॉर्न ओलांडले. गझवेलने ट्रेकातून आपली प्रदक्षिणा १९५९ साली पुरी केली. तोवर इतक्या लहान होडीने ती कोणी केली नव्हती.

वाचता वाचता माझे मन मेस्त्रींकडे झुकू लागले होते. पण कपाटात एक गोष्ट अशीही निघाली की जिथे मालकांचे पारडे जड झाले. ती इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या समुद्रातली. १९७९ सालच्या ऑगस्टात फास्टनेटची शर्यत लागली. ३०३ होड्या निघाल्या आणि मध्येच वादळाने गाठले. पंधरा शर्यतवीर बुडाले. चोवीस होड्या माणसांनी सोडून दिल्या. आणि अंगावर काटा येतो तो यापुढे. त्या चोविसांपैकी पाचच बुडाल्या होत्या, उरलेल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. चौकशी बसली, आणि चौकशीच्या बारीकसारीक गोष्टींत या फळ्यांनाही जागा मिळाली. काही होड्यांचे हॅच वर रुंद, खाली निमुळते असत. काढघाल करायला हे सोयीचे. फळी दोन बोटे उचलली की सुटते. पण होडी उलटली म्हणजे खाली ते वर होते, आणि तीच फळी आपल्याच वजनाने खाचेतून निसटून समुद्रात जाते. मग दार सताड उघडे. तेव्हापासून जाणते लोक सांगत आले आहेत की प्रत्येक फळीला दोरी बांधलेली असावी, आणि कडी अशी असावी की ती आतूनही उघडेल आणि बाहेरूनही. आत अडकणे आणि बाहेर अडकणे, दोन्हींचे अनुभव त्या रात्री माणसांनी घेतले होते.

सकाळी हे मेस्त्रींना सांगितले. नव्या फळीला भोक पाडायचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उलटी पडते हे खरं. आमच्या ध्यानात नव्हतं आलं." एवढे सरळ वाक्य मी विद्वानांच्या परिषदेत क्वचित ऐकले आहे.

मालकांनीही हट्ट सोडला. सागवान ठरले. त्यांना कशाने जिंकले म्हणाल तर मुंबईच्या अभिमानाने. 'सुहैली'ची गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. फक्त ती त्यांनी आपल्या होडीला लावून पाहिली नव्हती.

मुंबईचे सागवानी जहाजकाम ही काही कालची गोष्ट नाही. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनी पुढे इंग्रजांच्या आरमारासाठी लढाऊ जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ओकच्या आंबटपणाने लोखंडी खिळा गंजतो. सागाच्या अंगात तेल असते, तो खिळ्यालाही सांभाळतो आणि स्वतःलाही. ही विद्या कुलाब्याच्या सुतारांपर्यंत झिरपत आली होती. आखाताच्या फेरीवर असलेला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण जहाज-अधिकारी त्यांच्याकडे आला आणि बत्तीस फुटांची होडी बांधायला सांगितली. सुतारांनी ती वाकसाने तासून, सामत्याने भोके पाडून बांधली, जशी त्यांच्या आज्यांनी बांधली असती तशी. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून ती पाण्यात सोडली. सुहैली हे आखातातल्या अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेले नाव.

१९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा लागली. नऊजण निघाले. सुहैली त्यांत जुन्या वळणाची आणि मंद. १४ जूनला फाल्मथहून निघाली. सप्टेंबरात दक्षिण महासागरात शिरते न शिरते तोच एका लाटेने तिला आडवे पाडले, आणि नॉक्स-जॉन्स्टनच्या लक्षात आले की डेकवरची सबंध कोठी आपल्या जागेवरून किंचित सरकली आहे, कडेला भेगा गेल्या आहेत. ही कोठी गेली असती तर त्झू हांगचीच गत. आणि हा एकटा. गझवेल कुठून आणणार? त्याने स्वतःच सुतार होऊन आणखी बोल्ट घातले, आधार दिले आणि ती पक्की केली. पुढे पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. पण कोठी टिकली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहैली फाल्मथला परतली. नवांपैकी स्पर्धा पुरी करणारी ती एकटी. बक्षिसाचे पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनने त्या स्पर्धेत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

कुलाब्याच्या ज्या हातांनी ती बांधली त्यांची नावे इतिहासाने उचलली नाहीत.

पुढे १९९७ साली सुहैलीला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने नेऊन ठेवले. तिथली हवा कोरडी, मोजूनमापून ठेवलेली. महासागराने जे झाले नाही ते तिथे होऊ लागले: फळ्या सुकून आकसू लागल्या, सांधे उघडू लागले. २००२ साली मालकाने तिला बाहेर काढले, आणि पुढे स्वतः खपून तिचे गंजलेले लोखंडी खिळे काढून नवे घातले. सागाने खिळ्यांना कितीही सांभाळले तरी पन्नास वर्षांचे खारे पाणी ते खारेच. याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली २००६ साली आपल्या आरमारातले दिलीप दोंदे यांनी उमेदवारी केली, आणि २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईने दिलेले कर्ज व्याजासकट परत आले म्हणायचे.

आमच्या फळीसाठी सागवान मिळाले ते एका पडलेल्या घराच्या वाशाचे. जुने, पूर्ण वाळलेले. रंधा लागताच त्याचा कडसर गोड वास खाडीच्या चिखलाच्या वासावर मात करून गेला. मेस्त्रींनी जुनी फळी नव्यावर ठेवून माप घेतले. नुसते माप पुरत नव्हते; पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून वरच्या झाकणाखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा सोडली. प्रत्येक फळीची वरची कड बाहेरच्या बाजूला उतरती तासली, म्हणजे वरची फळी खालचीवर कौलासारखी बसेल आणि पाणी आत न येता बाहेर ओघळेल. झिजलेल्या खाचा काढून टाकून नव्या पट्ट्या खोदल्या, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या. टोकांना गरम अळशीचे तेल पिईल तेवढे पाजले. "आधी हे प्यायलं की मग पाणी प्यायला जागा उरत नाही," हे मेस्त्रींचे शास्त्र. मग रोगणाचे पाच हात, एक वाळल्यावर दुसरा. या पाच हातांनी माझी सगळी सुटी खाल्ली.

धनत्रयोदशीला भरती आली, होडी कुशीवरून उठून बसली. मेस्त्रींनी तिन्ही फळ्या एकामागून एक सोडल्या. प्रत्येक फळी थोडी अडखळून, हवा दाबीत, हळूच खाली गेली. झाकण सरकवले. मालक आत बसले आणि मी बाहेरून दारावर समुद्राचे पाणी बादल्याबादल्यांनी मारले. सातव्या बादलीनंतर आतून विचारणा झाली, "अहो, सुरुवात केव्हा करणार?"

जुनी खालची फळी चिखलात पडली होती. मेस्त्रींनी ती उचलली, कुजलेली कड करवतीने उडवली. आतले लाकूड तांबूस, घट्ट, नव्यासारखे निघाले. त्यांनी तिला खालून दोन पट्ट्या ठोकल्या आणि वहिनींच्या हातात दिली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमचे स्नेही त्याच पाटावर उटणे लावून घ्यायला बसले होते.